दांड्याचं टोक

सगळं ठरल्यासारखंच होतं. फक्त धाकटीचं 'चालेल' यायचं बाकी होतं, आणि ते येणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. धाकटीनं आयुष्यात दुसरं काही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

धाकटी म्हणजे चाळिशी ओलांडलेली, केसांत चार रुपेरी तारा आलेली बाई. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. पण ताईच्या पाठची, म्हणून धाकटी, आणि असलं नाव एकदा चिकटलं की म्हातारपणापर्यंत सुटत नाही. ताई ज्या शाळेत गेली त्याच शाळेत ही गेली. ताईच्या पुस्तकांतून शिकली, ताईला आखूड झालेले फ्रॉक हिनं विरेपर्यंत घातले. ताईनं डोळे तपासायचं शिक्षण घेतलं, मग हिनंही घेतलं. चिंगी पोटात असताना ताईनं दुकानातली नोकरी सोडली, तेव्हा मालकांनी तिचाच पांढरा कोट धुऊन हिच्या हातात ठेवला. खिशावर ताईच्या पेनाचा निळा डाग होता. तो कधी गेला नाही आणि धाकटीनंही कधी घासला नाही.

यात कुणी कुणावर जुलूम केला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. ताई प्रेमळ होती, झपाझप चालायची आणि झपाझप ठरवायची. धाकटीला मागून चालण्यात सुख होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतातच. ठेचा सगळ्या ताईनं खाल्ल्या आणि शहाणपण धाकटीच्या वाट्याला आलं, फुकटात.

मग ताई गेली. आजार कळला तेव्हाच उशीर झालेला होता. पुढचं सगळं भराभर झालं, ताईच्या स्वभावाला धरून.

धाकटी रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे हो. कसला धीर आणि कसलं काय! दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला नसतो, चहा हनुवटीवरून ओघळला तरी समोरच्यानं सांगेपर्यंत कळत नाही. धाकटी सगळीच तशी झाली होती. उठायची, कोट चढवायची, दुकानात जायची. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी फ्रेम ठेवून एकामागून एक भिंगं बदलायची आणि विचारायची, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" लोक उत्तर द्यायचे. ती लिहून घ्यायची. संध्याकाळी खोलीवर येऊन भिंतीकडे बघत बसायची, आणि भिंतीचंही तिला काही वाटायचं नाही.

अशात भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, विषय काढला.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. सरळ माणूस, बोलणं कमी, नखांत कायम काळं ग्रीस. ते धाकटीच्या खोलीवर गळका नळ बघायला आले होते. ओट्याखाली डोकं घालून, पाना फिरवता फिरवता म्हणाले, "मी काय म्हणतो, तू तिकडेच ये राहायला. रीतसर. म्हणजे आपण नोंदणी करून टाकू."

"म्हणजे लग्न?" धाकटीनं विचारलं.

"हां. म्हणजे तेच." पाना थांबला. "तिनं सांगितलंच होतं ना. एकमेकांना सांभाळा म्हणून."

सांगितलं होतं, हे खरं. शेवटच्या दिवसांत ताईनं एकदा दोघांचे हात धरून 'एकमेकांना सांभाळा' असं म्हटलं होतं, आणि ते भाऊजींच्या बहिणीनं, म्हणजे चिंगीच्या आत्यानं, स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हापासून आत्यानं ते वाक्य पदरात गाठ मारून ठेवलं होतं. मरणाऱ्याचा शब्द, आत्या म्हणायची. घर तयार आहे, मुलगी ओळखीची आहे, परकी बाई आणण्यापेक्षा घरचीच आलेली काय वाईट? "म्हणतातच ना, माय मरो आणि मावशी जगो," असं ती एकदा भरल्या खोलीत बोलून गेली, आणि मग स्वतःच जीभ चावून पाणी प्यायला उठली.

धाकटी भाऊजींना 'चालेल' म्हणणारच होती. शब्द ओठांवर आला होता. पण नळातून एकदम पाण्याचा फवारा उडाला, भाऊजी चिंब भिजले, टॉवेल शोधण्यात विषय बुडाला. जाताना ते म्हणाले, "घाई नाही. महिनाअखेर तुझ्या खोलीचा करार संपतो ना, तोवर सांग. म्हणजे घरमालकीणबाईंना कळवता येईल."

तोवर शनिवार-रविवार धाकटी ताईच्या घरीच असायची. ताईच्या भांड्यांत स्वयंपाक करायची. ताईच्या चपला तिच्या पायाला बरोबर बसायच्या. आत्यानं ताईचं अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातले कपडे कमरेत जरा घेतले की धाकटीला होणारे होते. सगळं जुळत होतं. इतकं जुळत होतं की धाकटीला कुठंच काही टोचत नव्हतं.

टोचलं ते फक्त चिंगीला. चौदा वर्षांची पोर, हातापायांच्या काड्या, आईसारखंच धारदार नाक. एका रविवारी कपबशा पुसता पुसता तिनं विचारलं, "मावशी, तू बाबांशी लग्न केलंस तर मी तुला काय म्हणायचं?"

धाकटी म्हणाली, "तू म्हणशील ते चालेल."

चिंगीनं फडकं ओट्यावर ठेवलं, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. त्या दिवसापासून ती धाकटीला मावशी म्हणेनाशी झाली. दुसरं काहीही म्हणेना. 'अगं' नाही, 'ए' नाही. मीठ हवं असेल तर हात लांब करून स्वतः घ्यायची. हेही धाकटीला दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि लागणं वेगळं.

बॅलेचं खूळही ताईचंच. हॉस्पिटलात ताईला रोज थोडं चालवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लांब कॉरिडॉर, भिंतीला कमरेइतका लाकडी कठडा. ताई कठड्याला धरून पुढे, आणि सलाइनचा स्टँड ढकलत धाकटी मागे. कॉरिडॉरच्या टोकाला एक फळा होता, त्यावर कसली कसली पत्रकं टोचलेली. ताई तिथे थांबून सगळी वाचायची. एकदा म्हणाली, "हे बघ, मोठ्यांसाठी बॅले. अजिबात न येणाऱ्यांसाठी! मी बरी झाले की आपण दोघी जाऊ."

"चालेल," धाकटी म्हणाली होती.

ताई बरी झाली नाही. पण ठरलं होतं ते ठरलं होतं. ज्या शुक्रवारी वर्ग सुरू झाला त्या शुक्रवारी धाकटी दुकानातून निघाली आणि वर्गाला गेली. जावंसं वाटलं म्हणून नव्हे. ताईनं ठरवलेल्या गोष्टींपैकी एवढीच करायची राहिली होती.

नाचाची शाळा टायरच्या दुकानाच्या वर होती. जिन्यात रबराचा वास, वर पोचलं की पावडरचा आणि पायांचा. एका भिंतीला छतापर्यंत आरसे, समोरच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी दांडा. त्याला तिथे बार म्हणत. वर्गातल्या आडदांड टपालवाल्यानं त्यावर जो विनोद व्हायचा तो पहिल्या पाच मिनिटांत करून टाकला आणि सगळे सुटले.

शिकवणाऱ्या बाई मागून पाहिल्या तर पंचविशीच्या आणि पुढून पाहिल्या तर सत्तरीच्या. बारमाही सर्दी, बाहीत रुमाल. "पोट आत. मान लांब. खांदे खाली, ते कानात घालायचे नसतात. आणि चेहऱ्याची दुकानं उघडा, सुतक नाहीये इथे कुणाला!"

धाकटीनं काही उघडलं नाही. तिनं दांड्याचं अगदी शेवटचं टोक गाठलं होतं, कोपऱ्यातलं. जन्मभराचा अनुभव होता तो. सगळे एकाच दिशेला तोंड करून, डावा हात दांड्यावर ठेवून ओळीनं उभे. तिच्या पुढे टपालवाला, त्याच्या पुढे एक शिंपीणबाई, त्यांच्या पुढे बाकीचे. बाई एकदा करून दाखवायच्या, कसलीशी परदेशी नावं घ्यायच्या, मग गाणं लावायच्या. नावं काहीही असोत, काम साधं होतं. टाचा जुळवायच्या, पंजे बाहेर, गुडघे वाकवायचे, पाय पुढे सरकवून परत आणायचा, मग बाजूला, मग मागे. धाकटीनं टपालवाल्याच्या पोटऱ्यांवर नजर लावली आणि तो करेल ते केलं. त्याचं चुकलं की हिचंही तस्संच चुकायचं, तेवढंच आणि तेव्हाच.

"वा," बाई नाक पुसत म्हणाल्या, "जुळी दिसता."

आणि मग बाई म्हणाल्या, "दुसरी बाजू."

सगळे जागच्या जागी वळले. उजवा हात दांड्यावर, तोंड उलट दिशेला. धाकटीही वळली. आणि पाहते तो पुढे कोणी नाही! समोर भिंत, भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं. शेवटची होती ती पहिली झाली होती. गाणं सुरू झालं. धाकटीनं मान वळवून मागे पाहिलं.

"मान पुढे!" बाई ओरडल्या.

ते गाणं संपेपर्यंत धाकटी नुसती उभी राहिली. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. टोकाला लपता येतं असं वाटतं, पण ते अर्ध्या तासापुरतंच.

दुसऱ्या शुक्रवारी ती लवकर गेली आणि मधली जागा पकडली. मधे कसं, इकडे तोंड केलं तर टपालवाला पुढे, तिकडे वळलं तर शिंपीणबाई पुढे. दोन्हीकडून सोय. पुढचे सगळे शुक्रवार तिनं असेच काढले. पाय दुखायचे, पण तेही लांबच्या कुणाचे तरी दुखावेत तसे. घरी जाऊन ती वर्गाबद्दल कुणाशी काही बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. त्या रात्री जेवायला भाऊजींकडे जायचं होतं. आत्याही येणार होती. शनिवारी सकाळी घरमालकीणबाईंना खोली सोडत असल्याचं कळवायचं होतं. कागद दुकानातल्या खणात तयार होता, वर फक्त सही करायची होती.

निघता निघता एक आजोबा आले. दिसत नाही म्हणाले. धाकटीनं त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, फ्रेम चढवली, भिंग बदललं. "आता बरं, की आधी बरं?"

"तुम्हाला काय वाटतं?" आजोबा म्हणाले.

"मला कसं कळणार? आता बरं की आधी?"

"तुम्ही सांगाल ते चालेल."

धाकटीनं पुन्हा विचारलं. आजोबा पुन्हा तेच. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही ठरवा, मी घालेन. तिसऱ्यांदा धाकटीचा आवाज चढला. "आजोबा, डोळे तुमचे आहेत ना? मी काय तुमच्या डोळ्यांत बसून बघू?"

बाहेर मालकांनी मान वर केली. धाकटीचा चढलेला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. धाकटीनंही नव्हता. आजोबा बिचारे दचकले, आणि दचकून चटकन म्हणाले, "आधीचं. आधीचं बरं होतं." मग ते इतके खूश झाले की खालची बारीक ओळही वाचून दाखवू का, असं विचारू लागले.

या भानगडीत उशीर झाला. धाकटी धावत जिना चढली तेव्हा सगळे दांड्याला लागले होते. मधली जागा गेली होती. रिकामं होतं ते टोक, कोपऱ्यातलं, लाल नळकांड्याशेजारचं.

पहिली बाजू निभावली, टपालवाला पुढे होता. बाई म्हणाल्या, "दुसरी बाजू."

धाकटी वळली. समोर भिंत. मागे ओळ. गाणं सुरू होण्याआधी थोडीशी खरखर व्हायची, तेवढ्या वेळात तिनं आठवायचा प्रयत्न केला. आधी पुढे की आधी बाजूला? काही आठवेना. गाणं सुरू झालं. उभं राहायचं तर मागचे अडणार. धाकटीनं पाय उचलला आणि तो मागे सरकवला. चूक होतं ते, पाय मागे नेतानाच तिला कळलं. पण आता गेला तो गेला. मग बाजूला. मग पुढे. मग गुडघे वाकवायचे होते तिथे ती चवड्यांवर उचलली गेली, कारण आता काय करायचं ते तिला मुळीच ठाऊक नव्हतं आणि काहीतरी करायलाच हवं होतं.

तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून आरशात पाहिलं. आरशात अख्खी ओळ टाचा उचलून उभी होती. टपालवाला, शिंपीणबाई, त्यांच्या मागचे, झाडून सगळे. सगळ्यांनी पाय मागे नेला होता. सगळ्यांनी उलटं केलं होतं, एका तालात, मन लावून, कपाळाला आठ्या घालून. एकालाही शंका आली नव्हती. पुढे जी आहे तिला माहीत असणार, एवढंच त्यांना माहीत होतं.

धाकटीला आधी हसू फुटलं. आणि हसता हसताच तिला तो कॉरिडॉर आठवला, पुरता.

त्या दिवशी पत्रक वाचून झालं होतं, बॅलेचं ठरलं होतं. परत खोलीकडे जायला ताई वळली. वळली तशी धाकटी आपोआप पुढे झाली, कॉरिडॉर अरुंद होता. धाकटी लगेच बाजूला सरून भिंतीला टेकली, ताईला पुढे जाऊ द्यायला. पण ताई हलली नाही. कठडा धरून उभी राहिली. म्हणाली, "धाकटे, आता तू हो पुढे. मला भीती वाटतेय गं."

आणि धाकटी म्हणाली होती, "नको गं, तू हो ना."

ताईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग कठडा धरत धरत पुढे गेली. धाकटी मागून स्टँड ढकलत राहिली.

ताईला काही माहीत नव्हतं. कधीच नव्हतं. ना शाळेत जाताना, ना लग्न करताना, ना मरताना. ती टोकाला उभी होती, पुढे भिंत होती, मागे ही होती, म्हणून तिनं काहीतरी केलं. पाय उचलला आणि ठेवला. एकमेकांना सांभाळा, ती म्हणाली, कारण दोघांचे हात हातात होते आणि काहीतरी म्हणायला हवं होतं. आणि आता सगळे टाचा उचलून उभे होते. भाऊजी, आत्या, रिकामं कपाट, सगळे.

"थांबा, थांबा, थांबा!" बाईंनी गाणं बंद केलं. "हे काय चाललंय? कुणी काढलं हे?"

"मी," धाकटी म्हणाली.

तिच्या पोटरीत गोळा आला होता. दुखत होतं. चांगलंच दुखत होतं, आणि तिचंच दुखत होतं. ती खाली बसली. बाईंनी शेजारी बसून तिची पोटरी दोन्ही हातांनी दाबायला घेतली, आणि टपालवाला वरून म्हणाला, "बाई, पण झकास जमलं होतं हां. पहिल्यांदाच सगळे बरोबर होते."

सगळे हसले. धाकटीनं ओठ गच्च दाबून धरले. उघडले असते तर काय बाहेर आलं असतं सांगता येत नव्हतं, आणि ते तिला इथे, टायरच्या दुकानावर, काढायचं नव्हतं.

ती लंगडतच भाऊजींकडे पोचली. टेबल मांडलेलं होतं. सूपचं भांडं, पाव, उकडलेली अंडी. चिंगीच्या खोलीचं दार बंद. आत्यानं नवा टेबलक्लॉथ घातला होता, म्हणजे तिच्या हिशेबी सण होता.

"आलीस? बस," आत्या म्हणाली. "कळवलंस का तुझ्या घरमालकीणबाईंना?"

धाकटी बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला मी हवी आहे का?"

भाऊजींनी हातातला पाव खाली ठेवला. आत्याकडे पाहिलं. मग नखांकडे.

"हे काय विचारणं झालं?" आत्या म्हणाली.

"आत्या, थांबा जरा. भाऊजी, ताईनं सांगितलं नसतं तर तुम्ही मला विचारलं असतं?"

मग भाऊजी म्हणाले, "नसतं." आणि एवढं म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "मला तर तू या घरात, तिच्या कपड्यांत... मला बघवत नाही गं. पण ती म्हणाली होती. मला वाटलं, तिला माहीत असेल."

"तिला माहीत नव्हतं."

"अगं, पण मरणाऱ्याचा शब्द!" आत्या म्हणाली.

"ती घाबरली होती, आत्या. तिला पुढे कुणीतरी हवं होतं. मी झाले नाही." धाकटीचा आवाज फाटला. "ती मला म्हणाली होती, तू हो पुढे. आणि मी झाले नाही."

आत्या काही दुष्ट बाई नव्हती, तिला फक्त विसकटलेलं घर बघवत नव्हतं. ती उठली आणि सूप गरम करायला घेऊन गेली, वाफा निघत असताना.

भाऊजींनी दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं होतं. आतूनच म्हणाले, "मग आता काय करायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न धाकटीला कुणीतरी खरोखर विचारत होतं, आणि उत्तर तिच्याजवळ नव्हतं. ते कुणाच्याच जवळ नसतं, एवढं आता तिला कळलं होतं.

"मी माझी खोली सोडत नाही," ती म्हणाली. "ताईचे कपडे मला नकोत. रविवारी येत जाईन. बाकीचं मला माहीत नाही, भाऊजी. आज आधी जेवा."

मग ती चिंगीच्या दारापाशी गेली. पोटरी ठणकत होती. तिनं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. नाक आईचं, तसा आवाजही आईचाच.

"मावशी."

आत पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून, हळू, "कायमची?"

"कायमची. दुसरं काही म्हटलेलं मला चालणार नाही."

कडी निघाली. दारात चिंगी उभी होती, आणि तिला काही सांगायच्या आत धाकटीला रडू कोसळलं. ताई गेल्यापासून साठलेलं सगळं एकदम आलं, नाकातोंडातून, हमसून हमसून, लहान पोरासारखं. तिला ताई हवी होती आणि ताई कुठंही नव्हती. पोर आधी घाबरली. मग तिनं आपल्या काडीएवढ्या हातांनी तिला धरलं आणि मावशी, मावशी, असं म्हणत राहिली.